हुकूमशहा नव्हे, काउदिशो

लॅटिन अमेरिकेतली बातमी मराठीत येताना 'काउदियो' या स्पॅनिश शब्दाचा बऱ्याचदा थेट 'हुकूमशहा' होऊन बसतो. इथे अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये त्याचा उच्चार 'काउदिशो', आणि हुकूमशहासाठी 'दिक्तादोर' हा शब्द वेगळा आहेच.

मूळ लॅटिन 'कापुत', म्हणजे डोकं. त्याच्या लघुरूपातून हा म्होरक्या निघाला. पदाशी त्याला कर्तव्य नाही; खुर्ची गेली तरी काउदिशो उरतो, कारण त्याच्यासाठी घोड्यावर बसणारी माणसं उरतात. स्पेनमध्ये मात्र शब्द पार नासला. तिथला हुकूमशहा फ्रँकोने नाण्यांवर 'देवाच्या कृपेने स्पेनचा काउदियो' असं कोरून घेतलं होतं. इकडे अर्जेंटिनात फुटबॉलचा संघ खांद्यावर घेणाऱ्या खेळाडूलाही कौतुकाने काउदिशो म्हणतात. गावातल्या मतांची मोट बांधणारा तो 'कासीके', हा कॅरिबियनच्या ताइनो भाषेतला शब्द. कारखाना, बँक आणि कॉलेजच्या किल्ल्या एकाच घरात ठेवणारे आपले सहकारातले संस्थानिक या कासीकेच्या जवळचे. त्यांना काउदिशो म्हणणं जरा जास्तच होईल.

काउदिशोचा अस्सल नमुना पाहायचा तर एकोणिसाव्या शतकातला ब्युनोस आयर्स प्रांताचा सत्ताधारी हुआन मानुएल दे रोसास. मोठा जमीनदार, पण गाउचो गुराख्यांत त्यांच्यासारखाच वावरणारा. 1835 मध्ये ब्युनोस आयर्स प्रांताच्या विधिमंडळाने त्याला 'सुमा देल पोदेर पूब्लिको' बहाल केली: साऱ्या सार्वजनिक सत्तेची बेरीज. मग छातीवर लाल फीत सक्तीची झाली, चर्चच्या वेदीवर त्याची तसबीर आली, सरकारी कागदाच्या माथ्यावर 'रानटी उनितारियो मरोत' हे केंद्रसत्ता मागणाऱ्या विरोधकांसाठी, म्हणजे उनितारियोंसाठी, छापलं जाऊ लागलं. 1852 मध्ये कासेरोसच्या लढाईत हरल्यावर तो इंग्लंडला पळाला.

आपल्याकडच्या वादांत समोरच्याच्या नेत्याला हुकूमशहा म्हटलं की बोलणं संपतं. त्याच्या हाती सत्ता कोणी दिली, कशाच्या बदल्यात दिली, हे कोणी विचारत नाही. अर्जेंटिनाने 1853 च्या संविधानात नेमकं तेच विचारलं. कलम 29 नुसार विधिमंडळाने अशी 'बेरीज' कोणालाही देणं मुळातच रद्दबातल, आणि देशद्रोही ठरतात ते असा ठराव मांडणारे, त्याला संमती देणारे आणि त्यावर सही करणारे.