आधी मला उतरव

ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो संदेश येतोच. 15 ऑगस्टला ‘हॉइस्ट’ करतात, म्हणजे झेंडा खाली बांधलेला असतो आणि दोरीनं वर चढवतात. 26 जानेवारीला ‘अनफर्ल’ करतात, म्हणजे झेंडा घडी घालून आधीच वर बांधलेला, दोरी ओढली की उलगडतो. पहिलं काम पंतप्रधानांचं, दुसरं राष्ट्रपतींचं. शेवटी ‘किती जणांना हे माहीत आहे?’ असा टोमणा. मग काका त्यावर देशभक्तीचं भाष्य करतात, पुण्याची मावशी म्हणते आमच्या सोसायटीत दोन्ही वेळा सेक्रेटरीच दोरी ओढतात आणि दोन्ही वेळा गाठ अडकते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं दोन दिवस चालतं.

मी हे वाचते ती इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या बाजूच्या एका केअर होमच्या कपडे बदलायच्या खोलीत. पाच मिनिटांनी पाळी सुरू होणार असते, आणि माझ्या पाळीतला पहिला शब्दही हॉइस्टच असतो.

इथे हॉइस्ट म्हणजे चाकांवरचं यंत्र. वर वाकलेला लोखंडी हात, त्याला आडवा दांडा, दांड्याच्या आकड्यांना अडकवलेली कापडी झोळी. ज्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःहून उठता येत नाही त्याच्या पाठीखाली, मांड्यांखाली ती झोळी सरकवायची, रंगीत फास जुळवून आकड्यात घालायचे (डावीकडे निळा तर उजवीकडेही निळाच, नाहीतर माणूस एका अंगाला कलतो), आणि बटण दाबायचं. एकटीनं करायचं नाही, दोघी लागतातच. इथल्या 1998 च्या नियमांप्रमाणे माणसं उचलणारं यंत्र आणि त्याची झोळी दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावी लागते. तिकडे घरी माझे बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांना तीन जिने खाली नेलं ते दादा आणि शेजारच्या दोघा मुलांनी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून. दादाची कंबर त्या दिवशी धरली ती धरलीच.

मराठीत ‘उचल’ हा शब्द किती ठिकाणी जातो ते इथे आल्यावर लक्षात आलं. ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतो ती उचल. बाजारात दुसऱ्याची पिशवी लांबवतो तो उचल्या. गंमत म्हणजे इंग्रजीचंही तसंच. दरोड्याला अमेरिकेत ‘हाइस्ट’ म्हणतात, तो हॉइस्टचाच बोलीतला उच्चार. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीनं व्हिसाच्या एजंटाला द्यायला कर्ज काढलं, अजून फेडते आहे. तिची उचल कुठल्या अर्थाची म्हणायची?

तर घरच्या वादाबद्दल. संदेशातला राजशिष्टाचार खरा आहे. 1947 साली राष्ट्रपती हे पदच नव्हतं, ते राज्यघटनेबरोबर 26 जानेवारी 1950 ला आलं. पण ‘गुलामीतून वर चढलो म्हणून झेंडा वर चढवायचा’ हा जो अर्थ संदेशात चिकटवलेला असतो, तो मला मागाहून शिवलेल्या अस्तरासारखा वाटतो. लाल किल्ल्यावर नेहरूंनी पहिल्यांदा तिरंगा चढवला तोसुद्धा 15 ला नाही, 16 ऑगस्टला. खरी चुरस क्रियापदाची कधीच नव्हती, दोरी कोणाच्या हातात हीच होती. 1974 पर्यंत राज्यांमध्ये 15 ऑगस्टचा झेंडाही राज्यपालच फडकावत. तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधींनी मागणी लावून धरली तेव्हा तो मान मुख्यमंत्र्यांकडे आला. म्हणून आपल्याकडे स्वातंत्र्यदिनाला मंत्रालयात मुख्यमंत्री आणि प्रजासत्ताकदिनाला शिवाजी पार्कवर राज्यपाल. 2025 मध्ये रायगड आणि नाशिकचं पालकमंत्रिपद लटकलं, तेव्हा तिथे झेंडा कोण फडकावणार याचीच बातमी झाली. आरोहण की उलगडणं, हे कोणी विचारलं नाही.

आणि आपण शाळेत काय म्हणायचो? झेंडावंदन. दोन्ही दिवशी. इस्त्रीचा गणवेश, चुन्याची फक्की, शेवटी लिमलेटची गोळी. त्या शब्दात उचलणारा कोणी नाहीच, सगळे हात कपाळाशी. मला तोच शब्द पुरतो.

पावसाळ्यात त्याच ग्रुपवर कधीतरी दुसरा व्हिडिओही येतो. पालघरकडच्या एखाद्या पाड्यावरून बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीतून नेतायत, नदीला पूल नाही. त्याखाली हात जोडलेली दोन चिन्हं पडतात आणि ग्रुप पुढे जातो. मी मात्र ती झोळी नीट बघते. गाठ कुठे मारली आहे, मान टेकते आहे का. सवयच लागली आहे.

इथेही झेंड्यांचा मोसम आला होता. 2025 च्या ऑगस्टात आमच्या भागातल्या दिव्यांच्या खांबांवर रातोरात इंग्लंडचे, म्हणजे सेंट जॉर्जचे लाल फुलीचे झेंडे आणि युनियन जॅक लागले. झेंडे लावायच्या त्या मोहिमेच्या नावात हॉइस्ट नव्हतं, ‘रेझ’ (उंचावणं) होतं. काही पालिकांनी ते उतरवले, लोकांनी पुन्हा लावले. त्याआधीच्या महिन्यात, 22 जुलैला, परदेशातून नव्या केअर वर्करना बोलावायचा व्हिसा सरकारनं बंद केला होता. दोन्हींचा थेट संबंध जोडणार नाही, पण पहाटे साडेसहाला बसथांब्यापर्यंत चालताना प्रत्येक खांबाखाली माझ्या डोक्यात तो जुळायचाच. आमच्या गल्लीत झेंडा लावणाऱ्यांपैकी एकजण मला माहीत आहे. मी रात्रपाळीला असले की माझा कचऱ्याचा डबा तोच बाहेर ठेवतो. त्याला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

आमच्या केअर होममध्ये एक आजोबा आहेत, नौदलात होते. झेंड्याची काठीकडची बाजू म्हणजे ‘हॉइस्ट’ आणि फडफडणारी बाजू म्हणजे ‘फ्लाय’, हे त्यांनी मला शिकवलं. तिरंग्याचं माप तीनास दोन, त्यातले दोन हा हॉइस्ट. ग्रुपवरच्या एकालाही हा अर्थ माहीत नसणार, पण टाकला नाही, नवा वाद कशाला.

15 ऑगस्टला सकाळी माझ्या जोडीला केरळची मुलगी होती. आजोबांना झोळीत घेतलं, फास तपासले. ती म्हणाली, रेडी. मी सवयीनं ‘हैश्शा’ म्हटलं. आजोबांना आता तो शब्द पाठ आहे, तेही म्हणाले. यंत्र घुरघुरलं, ते पलंगावरून वर आले, पाय हवेत. तेवढ्या उंचीवरून खिडकीबाहेरच्या खांबावरचा युनियन जॅक दिसतो. त्यांनी डोळे बारीक केले.

“उलटा बांधलाय,” ते म्हणाले. “जाड पांढरा पट्टा काठीच्या बाजूला वर पाहिजे. खाली गेलाय.”

मी वाकून पाहिलं. खरंच उलटा होता.

“कोणाला सांगू का उतरवायला?”

“आधी मला उतरव.”