काडीचं काम

ऑईल बघणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं झाडून सगळे मिस्त्री सांगतात. मी रविवारी सकाळी नऊला बसलो आणि उठलो तेव्हा दीड वाजून गेला होता.

गाडी वडिलांची, २००६ची स्प्लेंडर. आदल्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढताना इंजिनातून शिलाई मशीनसारखी टकटक यायला लागली. पंपावरचा पोरगा म्हणाला, "साहेब, ऑईल बघा." आजवर मी स्वतः ऑईल कधी बघितलं नव्हतं. गॅरेजवाल्याला "बघ रे जरा" म्हणायचो आणि पैसे द्यायचो.

झाकण उजव्या अंगाला, त्यालाच आतून काडी. उकिडवा बसून झाकण काढलं, जुन्या बनियननं काडी पुसली, आत घातली, बाहेर काढली. ठणठणीत कोरडी! पोटात गोळाच आला. इतके दिवस बिचारी नुसत्या पुण्याईवर पळत होती की काय? धावत जाऊन ९०० मिलीची बाटली आणली आणि अंदाजानं तिसरा हिस्सा ओतला. आता काडीच्या टोकाला जेमतेम ओल दिसली. पुन्हा बाटली उचलणार, तोच वरच्या गॅलरीतून नाना ओरडले, "अरे, साईड स्टँडवर बघतोयस काय?"

गाडी डावीकडं कललेली आणि काडी उजवीकडं. सगळं ऑईल डावीकडं जाऊन बसलेलं. शाळेत असताना शास्त्रात मला बरे मार्क असायचे, हे इथं सांगून उपयोग नाही.

मेन स्टँडवर लावायची, तीही सपाट जागी. आता अख्खं सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उताराला लागलेलं. आमच्या गल्लीत गोटी सोडली तर ती पोवई नाक्यावर जाऊन एसटी पकडेल. नाना बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. ते घरातून पाणसळ घेऊन खाली आले आणि ओट्यापुढची फरशी इंच-इंच मोजू लागले. बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत मी गाडी चार वेळा चढवली आणि चार वेळा उतरवली. पाचव्यांदा शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तीन मिनिटं इंजिन चालू ठेव, मग बंद करून तीन मिनिटं थांब. वर चढलेलं ऑईल खाली उतरू दे," नाना म्हणाले. थांबलो. काडी पुसली, घातली आणि झाकण फिरवायला लागलो, तर नानांनी हात धरला. "फिरवायचं नाही! नुसतं टेकवायचं."

इथं तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं काडी टाकली. "काका, माझ्या मित्राच्या गाडीला आटे लावूनच बघतात." झालं. अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी कपाटातून आरसीच्या पिशवीतलं मॅन्युअल काढलं. नाना बरोबर होते. आटे लावले की काडी जास्त खोल बुडते आणि आहे त्याहून जास्त ऑईल दाखवते. पोरगा म्हणाला, "गाडीगाडीवर असतं ते," आणि क्लासला गेला.

टेकवून बघितलं. काडीवर दोन खुणा असतात आणि ऑईल त्यांच्या मध्ये हवं. माझं वरच्या खुणेला ओलांडून झाकणाच्या दिशेनं निघालं होतं.

जास्तीचं काढायला हवं. खालचा बोल्ट नानांच्या १७ नंबरच्या पान्यानं "थोडासाच" ढिला केला. तो थोडासा ढिला होऊन माझ्या तळहातात पडला आणि मागोमाग कढत काळी धार. श्रीखंडाचा डबा सरकवेपर्यंत अर्धं ऑईल नानांनी इतकी बारकाईनं मोजलेल्या फरशीवर पसरलं. सपाट जागा असल्यामुळं ते चारी दिशांना सारखं पसरलं, याचं नानांना समाधान वाटलेलं दिसलं.

इंजिन रिकामं. बाटलीतलं उरलेलं पुरेना, म्हणून कोपऱ्यावर दुसरी फेरी. दुकानदार म्हणाला, "गाडी ऑईल पितीय वाटतं." मी मान हलवली.

दीड वाजता काडी दोन खुणांच्या बरोबर मध्ये ओली झाली. मी ती वर धरून सगळ्यांना दाखवली. बायको फरशीवर लाकडाचा भुसा टाकत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "अहो, पण सकाळी मुळात कमी होतं का?"

मी नानांकडं बघितलं. नाना पाणसळ पुसत होते.