सात पुड्यांचा फॉरवर्ड

पाऊस ओसरला आणि घराघरांत खोकला सुरू झाला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो चार ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप आम्हा औषधवाल्यांचाच, म्हणजे बोलायलाच नको. मजकूर थोडक्यात असा: ‘कोरोनाच्या ८० टक्के रुग्णांमध्ये व्हिटॅमिन डी कमी होतं. २५ चाचण्यांनी सिद्ध झालंय की डी घेतलं तर सर्दी-फ्लू होत नाही. चंदीगडच्या पीजीआयमध्ये पुडीने विषाणू पळाला. डी कमी असेल तर लस लागूच पडत नाही, म्हणून लसीच्या आधी आठवडाभर रोज एक पुडी घ्या. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसा. पुडी पूर्ण निरुपद्रवी आहे. स्वस्त आहे म्हणून कंपन्या हे दडपतात.’

मेसेज आला की दोन दिवसांत काउंटरवर गिऱ्हाईक येतंच: ‘सात पुड्या द्या हो, लस घ्यायचीय.’ पुडी म्हणजे ६० हजार युनिट व्हिटॅमिन डीची पावडर. धंदा म्हणून बघितलं तर मला हा फॉरवर्ड सोन्यासारखा. तरी उत्तर लिहितोय, कारण निखालस थाप असती तर लोकांनीच हसून सोडली असती. यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या खऱ्या अभ्यासातून उचललेला आहे. गडबड आहे ती आकड्यावरून थेट पुडीवर मारलेल्या उडीत.

‘८० टक्के रुग्णांमध्ये डी कमी.’ हा आकडा स्पेनमधल्या सांतांदेर शहरातला, २०२० चा. इस्पितळात दाखल झालेले २१६ रुग्ण तपासले, त्यातल्या ८२ टक्क्यांचं डी रक्ताच्या मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली निघालं, म्हणजे कमी. तुलनेला घेतलेल्या बाकीच्या लोकांत हे प्रमाण ४७ टक्के होतं. मेसेज इथे थांबतो. त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय की डी किती कमी आहे आणि आजार किती गंभीर झाला, यांचा संबंध सापडला नाही. ते वाक्य फॉरवर्ड करताना गळालं.

दुसरी गोष्ट, अंगात दाह पेटला की रक्तातलं डी आपोआप खाली येतं. गुडघ्याचा सांधा बदलायच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काही रुग्णांचं रक्त तपासलं होतं, तेव्हा दोन-तीन दिवसांत ते सुमारे ४० टक्क्यांनी घसरलेलं दिसलं. डी कमी होतं म्हणून गुडघा बदलावा लागला, असं तिथे कोणी म्हणणार नाही. शिवाय वयस्कर, लठ्ठ, अंथरुणाला खिळलेल्या माणसांत डी मुळातच कमी असतं आणि श्वसनाचा आजारही त्यांनाच जास्त छळतो. दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात म्हणून एकीने दुसरीला जन्म दिला असं होत नाही.

‘२५ चाचण्यांनी सिद्ध.’ इथे जरा बसून बोलू, कारण मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले एड्रियन मार्टिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २५ चाचण्यांमधल्या सुमारे ११ हजार लोकांची माहिती एकत्र केली आणि डी घेणाऱ्यांना श्वसनाचे संसर्ग थोडे कमी झाले असं मांडलं. किती कमी? हंगामात एकदा तरी संसर्ग होणारे डी न घेणाऱ्यांत ४२ टक्के, घेणाऱ्यांत ४०. ‘होत नाही’ आणि ‘४२ चे ४०’ यांत किती अंतर आहे बघा. अर्थात फायदा सगळ्यांना सारखा नव्हता. ज्यांचं डी अगदी तळाला, म्हणजे १० नॅनोग्रॅमच्या खाली होतं आणि जे रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेत होते, त्यांना बराच जास्त दिसला. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना दिसलाच नाही. आणि पुडी म्हणजे मोठाच डोस.

पुढचा भाग मेसेजवाल्यांपर्यंत पोचलेला नाही. त्याच मंडळींनी २०२१ मध्ये हिशेब परत केला. आता चाचण्या ४३ आणि लोक ४८ हजारांवर. फायदा आणखी बारीक झाला. २०२५ मध्ये तिसऱ्यांदा केला, ४६ चाचण्या आणि ६४ हजार लोक. तेव्हा उरलेला फरक इतका किरकोळ होता की तो निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. डी तळाला असलेल्यांना खास फायदा होतो ही आधीची आशाही या वेळी टिकली नाही. छोट्या चाचण्यांत चमकदार दिसलेली गोष्ट मोठ्या चाचण्यांत विरते, हे औषधांच्या दुनियेत नेहमीचं आहे. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी असे बरेच हिरो पडलेले बघितलेत.

मोठ्या चाचण्या म्हणजे कोणत्या, तेही सांगतो. मार्टिनोंच्याच टीमने ब्रिटनमध्ये कोरोनाव्हिट नावाची चाचणी घेतली, सहा हजारांवर लोकांची. बोटातून रक्त घेऊन डी तपासलं, कमी निघालं त्यांना सहा महिने रोज ८०० किंवा ३,२०० युनिट दिली. निकाल २०२२ मध्ये आला: सर्दी-खोकल्यात फरक नाही, कोविडमध्येही नाही. तिची एक कच्ची बाजू आहे, तीही सांगायला हवी. ज्यांना डी दिलं नव्हतं त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी ते कधी ना कधी स्वतःहून घेतलं होतं. पण त्याच सुमाराला नॉर्वेत ३४ हजारांवर लोकांना डी असलेलं कॉड लिव्हर ऑइल नाहीतर साधं मक्याचं तेल देऊन बघितलं, रोज एक चमचा, कोणाच्या बाटलीत काय आहे ते न सांगता. दोन्हीकडे कोविडचं प्रमाण १.३ टक्के. लहानपणी नाक दाबून ते तेल प्यायलेल्या माझ्या पिढीला हे वाचून बरंच वाईट वाटेल.

ऑस्ट्रेलियातली चाचणी तर आपल्या पुडीचीच म्हणा ना. साठीच्या पुढच्या २१ हजार लोकांना दर महिन्याला ६० हजार युनिट किंवा नकली गोळी. श्वसनाचे संसर्ग टळले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, गोऱ्यांचं पोट आधीच भरलेलं, आपल्याकडे कमतरता आहे, आपल्याला फायदा होईल. शंका रास्त आहे. मंगोलियात अडीचशेच्या आसपास शाळकरी मुलांना डी घातलेलं दूध दिलं होतं आणि सर्दी-खोकला निम्म्यावर आला होता, तो निकाल २०१२ मध्ये छापून आला. त्या मुलांचं डी सात नॅनोग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे पार खडखडाट. पण त्याच देशात पुढे जवळपास नऊ हजार मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला डी दिलं. बहुतेक सगळी कमतरतेतली. क्षयाचा संसर्ग टळतो का हे तिथे मुख्यतः बघायचं होतं. टळला नाही, आणि श्वसनाचे बाकीचे संसर्गही कमी झाले नाहीत.

‘पीजीआयमध्ये पुडीने विषाणू पळाला.’ हा अभ्यास खरा आहे. एकूण ४० लोक, तेही लक्षणं नसलेले किंवा अगदी सौम्य. १६ जणांना सात दिवस रोज ६० हजार युनिट, २४ जणांना नकली औषध. तीन आठवड्यांत चाचणी निगेटिव्ह आली ती पहिल्या गटात ६२.५ टक्क्यांची, दुसऱ्यात २०.८. टक्केवारी काढून टाका: १६ पैकी १० आणि २४ पैकी ५. चार माणसं इकडची तिकडे झाली की चित्र पालटतं. अभ्यास करणाऱ्यांचा यात दोष नाही, छोट्या अभ्यासाचं काम पुढच्या मोठ्या अभ्यासाला वाट दाखवायचं असतं. तसा मोठा अभ्यास ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी केला. इस्पितळातल्या २४० रुग्णांना त्यांनी एकदम दोन लाख युनिट किंवा नकली औषध दिलं. रक्तातलं डी झकास वाढलं. इस्पितळातला मुक्काम मात्र दोन्ही गटांत सात दिवसांचाच राहिला.

आता लस. मेसेजमधला हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण यापायी माणसं लस पुढे ढकलतात. तर्क वरवर पटण्यासारखा आहे: रोगप्रतिकारक पेशींवर डी पकडणारे कप्पे असतात, म्हणून डी नसेल तर त्या पेशी लस ओळखणार नाहीत. कप्पे खरेच असतात. पण तर्क कितीही सुरेख असला तरी तो माणसांवर ताडून बघावा लागतो, आणि तो बघितलाय. कोरोनाव्हिटमधल्याच, लस घेतलेल्या सुमारे २,८०० लोकांत डी घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना लसीनंतरही कोविड सारखाच झाला. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या अँटिबॉडी मोजल्या, त्याही सारख्याच. यातल्या अनेकांनी घेतलेली ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस म्हणजे पुण्याच्या सीरमने कोव्हिशील्ड नावाने बनवली तीच. आपल्यातल्या बहुतेकांच्या दंडात गेलेली.

फ्लूच्या लसीबद्दलही नऊ अभ्यास एकत्र करून बघितलंय. एकूण फरक नाही. फ्लूच्या दोन प्रकारांबाबत डी कमी असलेल्यांत लसीचं संरक्षण किंचित कमी दिसलं. ‘किंचित कमी’ला ‘लागूच पडत नाही’ करायला फॉरवर्डला एक बोट पुरतं. लस घेतल्यावर अंगात तयारी व्हायलाच दोन आठवडे लागतात. आधी डी वाढवून मग घेऊ म्हणून महिना घालवला, तर साथीचा ऐन महिना लसीविनाच गेला.

कोवळ्या उन्हाचं थोडक्यात. सातच्या उन्हात बसायला छानच वाटतं, पण कातडीत डी बनवणारे किरण सूर्य इतका खाली असताना वातावरणातच गाळले जातात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की डी बरं बनतं. आमच्या साताऱ्याला डिसेंबरात त्यासाठी अकरा वाजून जातात. आणि काचेच्या खिडकीमागचं ऊन डीच्या बाबतीत कुचकामी.

‘कंपन्या दडपतात.’ काय दडपलंय? कोरोनाव्हिटला पैसा देणाऱ्यांत व्हिटॅमिन विकणाऱ्या कंपन्याही होत्या. फायदा नाही हा निकाल तरीही जसाच्या तसा छापला गेला.

म्हणून डी फालतू आहे का? मुळीच नाही. मुडदूस आणि हाडं ठिसूळ होणं हा त्याचा खरा प्रांत. बाळाला थेंब द्यायचे तर द्यायचेच. कमतरता निघाली तर डॉक्टर आठवड्याला एक पुडी, सहा-आठ आठवडे देतात, तेही योग्यच. धडधाकट माणसाने उगाच दरवर्षी डी तपासत बसू नये, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २०२४ मध्ये सांगितलंय. आपल्या आयसीएमआरने, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरलीय. म्हणजे ६० हजारांची एक पुडी ही शंभर दिवसांची शिदोरी.

त्यावरून शेवटचा दावा, ‘निरुपद्रवी’. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन बघितली होती, हाडं मजबूत होतील म्हणून. पडणं वाढलं आणि मोडलेली हाडंही वाढली. मला मात्र आठवतात ते आमच्या आळीतले निवृत्त मास्तर. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर त्यांनी रोज एक पुडी, गरम दुधातून, चाळीस दिवस घेतली. हिशेब करा, जवळपास अकरा वर्षांची शिदोरी. आधी बद्धकोष्ठ, मग सारखी तहान आणि रात्री चार-चार वेळा उठणं, मग जेवणावरची वासना गेली. घरचे म्हणत होते, वय झालं. एक दिवस त्यांना सुनेचं नाव आठवेना, तेव्हा दाखल केलं. रक्तात कॅल्शियम १३ च्या वर, जे साडेदहाच्या आत हवं. डी चरबीत साठतं, पुडी बंद केली म्हणून ते लगेच उतरत नाही. मास्तरांना सावरायला दोन महिने गेले.

त्या पुड्या माझ्याच दुकानातून गेल्या होत्या, दहा-दहाच्या चार खेपांत, आणि एकदाही मी विचारलं नाही की मास्तर, कोणासाठी. आता सात मागितल्या की डॉक्टरची चिठ्ठी मागतो. चिठ्ठी असली की प्रत्येक पुडीवर स्केचपेनने वार लिहून देतो. सगळ्यांवर एकच, रविवार, आणि खाली तारीख.