जळगावात कवी व्हायचंय? आधी खुर्ची धरा

भाऊ, तुम्हाला कवी व्हायचंय ना, मग वही-पेन नंतर बघू, आधी चहाच्या हॉटेलात पंख्याखालची खुर्ची धरा. मे महिन्यात जळगावात पारा 45 ला टेकतो, तेव्हा प्रतिभा काय असते ते पंख्याखाली बसलेल्यालाच कळतं. एकदा धरली की सोडायची नाही, लघवीला जायचं तरी रुमाल टाकून जायचं, एसटीत टाकतो तसा.

चहा वन बाय टू सांगा. चार जण असाल तर दोन हाफ आणि दोन रिकामे ग्लास. पोऱ्या तोंड वाकडं करेल, करू द्या. तेवढ्यावर तासभर काढायचा, वर साय धरली की बोटाने बाजूला सारायची आणि "सध्या आत खूप काहीतरी चाललंय भो" म्हणायचं. ॲसिडिटी असते ती, पण सांगू नका.

बोलायला विषय लागतात. 1907 ला जळगावातच कविसंमेलन भरलं, त्यात ठोंबऱ्यांचं 16-17 वर्षांचं पोरगं कविता म्हणायला उभं राहिलं आणि बालकवी होऊन खाली बसलं, हे रोज एकदा सांगायचं, जणू तेव्हा सतरंज्या तुम्हीच टाकत होता. 2024 ला अमळनेरला 97वं साहित्य संमेलन झालं, घरापासून तासाभरावर, तरी आपल्याला कविता वाचायला का बोलावलं नाही, हा विषय तर अजून दहा संमेलनं पुरेल. (कविता पाठवली होती का, असं कोणी विचारलं तर चहा सांगायचा.)

बहिणाबाईंचं नाव मात्र जपून घ्या. त्या माउलीला ना पंखा ना हाफ, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात राबताना, दळताना सुचत गेलं, पोराने उतरवून घेतलं आणि पुस्तक निघालं 1952 ला, त्या गेल्यावर. असलं काही ऐकलं की नवीन पोरं उगाच घरी जाऊन लिहायला बसतात आणि बैठक मोडते.

आमच्या टेबलाची एकच वही नेमाने लिहिली जाते, ती मालकाकडे असते. मागच्या महिन्याअखेरीला त्याने काउंटरवरून मोठ्याने वाचायला घेतलं, "सोमवार, दोन हाफ. मंगळवार, दोन हाफ, एक टोस्ट. बुधवार, दोन हाफ, टोस्ट नाही..." आणि आमच्यातला एक जण सवयीने डोळे मिटून म्हणाला, "क्या बात है, पुन्हा एकदा!"

मालकाने पुन्हा वाचलं.