'आधी ठरवा, मग लेखणी उचला': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात ते रासायनिक निरोप. त्यांच्यावरच्या माझ्या लेखात मी लिहिलं होतं की इंटरफेरॉन-गॅमा हा त्यातला एक निरोप कर्करोगाच्या गाठीसाठी 'दुधारी' आहे. त्या लेखाखाली तुम्ही काही मुद्दे मांडलेत. त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये: 'इंटरफेरॉन-गॅमा गाठ मारते की वाचवते, हे लेखकाने आधी ठरवावे, मग लेखणी उचलावी.' मतभेद मला चालतो. पण हा हेडमास्तरी सूर कशासाठी? मी काही तुमच्याकडे पेपर तपासायला दिला नव्हता.

माझी चूक आधी कबूल करतो. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी इंटरल्युकिन-२ या सायटोकाइनला औषध म्हणून अमेरिकेत १९९२ साली मंजुरी मिळाली. मी १९९८ लिहिलं होतं, ते मेलॅनोमासाठीच्या (त्वचेचा एक कर्करोग) मंजुरीचं साल. दुरुस्त केलंय, आभारी आहे. हेच चांगल्या शब्दांतही सांगता आलं असतं.

आता ते वाक्य. ठरवायचं कोणी, मी? टी-पेशीला, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला, गाठीतली पेशी ओळखू आली की ती इंटरफेरॉन-गॅमा सोडते. त्या निरोपाने कर्करोगाच्या पेशीवरचे एमएचसी रेणू वाढतात, म्हणजे आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर जास्त मांडले जातात आणि टी-पेशीला सावज नीट दिसतं. इथवर तुमचंच म्हणणं. पण तोच निरोप, त्याच पेशीत, त्याच जॅक-स्टॅट मार्गाने (पेशीच्या आत निरोप पुढे नेणारी साखळी) पोचतो आणि पीडी-एल१ हे प्रथिनही पेशीच्या पृष्ठभागावर आणतो. हे पीडी-एल१ टी-पेशीवरच्या पीडी-१ या प्रथिनाला भिडलं की ती ढिली पडते. एकाच निरोपाची ही दोन कामं आहेत. निरोगी शरीराला हा ब्रेक हवाच, नाहीतर साध्या संसर्गाशी लढताना आपल्याच ऊती भाजून निघतील. गाठ फक्त त्या सोयीवर डल्ला मारते. जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं ते याच पीडी-१च्या कामासाठी. त्यांनाही 'आधी ठरवा' म्हणणार का?

आणि 'वाचवते' एवढंच खरं मानलं तरी भागत नाही. पीडी-१ रोखणाऱ्या औषधाने आटोक्यात आलेला मेलॅनोमा काही रुग्णांत पुन्हा उलटला, तेव्हा गाठीत त्याच जॅक-स्टॅट मार्गातलं जॅक१ किंवा जॅक२ हे जनुक निकामी झालेलं सापडलं. २०१६ सालचं हे काम आहे. गाठीने इंटरफेरॉन ऐकू येणारे कानच बंद करून घेतले होते. फायद्याचाच निरोप असता तर तिने असं का केलं असतं? म्हणून मी 'दुधारी' लिहिलं. तुम्हाला तो गोंधळ वाटला.

'पुस्तकी माहिती' हा टोमणाही वाचला. माझ्या थोरल्या भावाला मेलॅनोमाच्या ऑपरेशननंतर आठवड्यातून तीनदा इंटरफेरॉनची इंजेक्शनं होती. सुई टोचली की चार-पाच तासांत हुडहुडी, अंगात ताप, आणि पुढे पुढे माणूस इतका खचला की बोलेना. त्या रात्री मी जागून काढल्यात. ते इंटरफेरॉन-अल्फा होतं, गॅमा नव्हे, हे तुम्ही सांगाल त्याआधी मीच सांगतो. पण शरीराचा स्वतःचाच निरोप मोठ्या मात्रेत दिला की काय होतं, ते मी घरात पाहिलंय. पुस्तकात नाही.

बाकी मुद्द्यांबद्दल थोडक्यात. टीजीएफ-बीटा हे दुसरं सायटोकाइन लिहायचं राहिलं, कारण तो लेख होता, पाठ्यपुस्तक नव्हे. टीएनएफ या आणखी एका सायटोकाइनबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर असेलही, पण विषय तो नव्हता. संदर्भसूचीच्या मागणीवर काय बोलणार!

शीर्षकातला 'दुधारी' शब्द राहील. आणि पुढच्या वेळी प्रतिक्रिया टाकण्याआधी लेखाचा तिसरा परिच्छेद वाचा. पीडी-एल१ तिथेच होतं, पहिल्या दिवसापासून.