बर्फ विष, शेक अमृत, लाल दिवा चमत्कार? थांबा जरा

माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये पेशंट पालथा झोपलेला असतो, कमरेवर हॉट पॅक असतो आणि त्या पंधरा मिनिटांत करायला दुसरं काही नसल्यामुळे हातात फोन असतो. हा मेसेज तिथूनच माझ्यापर्यंत पोचला, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. 'मॅडम, हे खरं आहे का?' म्हणत फोन माझ्यापुढे धरला जातो. मेसेज लांबलचक आहे, पण त्यातला ऐवज एवढाच: दुखापतीवर बर्फ म्हणजे विष, आणि ज्या डॉक्टरने बर्फाचा सल्ला दिला त्यानेच तो मागे घेतलाय. सूज हेच शरीराचं औषध, ती उतरवू नका. त्याऐवजी शेक घ्या, जितका गरम आणि जितका जास्त वेळ तितका चांगला, रात्रभर घेतलात तर उत्तमच, कारण त्याने शरीरातली विषारी द्रव्यं घामावाटे निघून जातात. आणि लाल दिव्याचा प्रकाश थेट हाडापर्यंत पोचतो, झिजलेली कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असणारं गुळगुळीत आवरण) पुन्हा उगवते, या शोधाला नोबेल मिळालंय, दुष्परिणाम शून्य.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीचं शेपूट धरून आलंय. म्हणूनच खोडायला वेळ लागतो. निखालस खोटं असतं तर दोन ओळींत आटोपलं असतं.

'बर्फाचा सल्ला देणाऱ्यानेच तो मागे घेतला'

अर्धं खरं. गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ साली 'राइस' हा शब्द रूढ केला: विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि दुखरा भाग उंचावर ठेवणं, या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचा. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. मेसेजमध्ये बर्फ तेवढा उरला, विश्रांती वाटेत गळाली. का गळाली असेल ते सांगायला नको. 'पडून राहू नका, हलायला लागा' हे वाक्य कोणाला पुढे पाठवावंसं वाटतं?

शिवाय त्यांनी बर्फाला विष म्हटलेलं नाही. दुखणं कमी करण्यापुरता दहा मिनिटं बर्फ, मग वीस मिनिटं विराम, असं एक-दोनदा करायला हरकत नाही, मात्र दुखापतीला सहा तास उलटल्यावर त्याची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता 'उशीर होतो' याचा पुरावा पाहू. तो मुख्यतः उंदरांच्या ठेचलेल्या स्नायूंवरच्या प्रयोगांतला आहे. उंदराची पोटरी ती केवढी! बर्फ टेकवला की आरपार गार. माणसाचं तसं नसतं. आपल्या कातडीखाली चरबी असते आणि ती गारव्याला पक्की अडवते. मांडीची कातडी चिमटीत धरून मोजली आणि ती घडी १ सेंटिमीटरच्या आत भरली, तर चरबीखालचा स्नायू सात अंशांनी गार व्हायला आठेक मिनिटं लागतात. घडी ३ ते ४ सेंटिमीटर भरली तर जवळपास तास लागतो. म्हणजे ज्या बर्फाने बरं होणं लांबतं म्हणून घाबरवलं जातंय, तो बऱ्याच जणांच्या स्नायूपर्यंत धड पोचतही नाही.

मग मी बर्फ लावते कशाला? बधिर करायला. मुरगळलेल्या घोट्यावर बर्फाचा तुकडा गोल गोल फिरवला की आधी गार लागतं, मग जळजळतं, मग आतून ठणकतं आणि मग काही कळेनासं होतं. हे चार टप्पे मी पेशंटला आधीच सांगून ठेवते, नाहीतर ठणका सुरू झाला की पाय ओढून घेतात. चौथा टप्पा आला की थांबायचं. त्या बधिरपणात घोटा वर-खाली करून घेता येतो, दोन पावलं टाकता येतात. बर्फाकडून माझी अपेक्षा एवढीच.

बर्फाने इजा होत नाही असं नाही, होते, पण मेसेजमध्ये आहे ती नव्हे. वितळता बर्फ शून्य अंशावर असतो. फ्रीझरमधून काढलेला जेल पॅक त्याहून बराच खाली असू शकतो आणि ओल्या फडक्याशिवाय ठेवला तर कातडी गोठवतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचं एक बोंड हाताला लागतं. त्याला वळसा घालून जाणारी नस अगदी कातडीलगत असते. तिथे बर्फ गच्च बांधून ठेवल्यामुळे पाऊल लुळं पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ज्यांची बोटं गारठ्याने पांढरी-निळी पडतात किंवा ज्यांना थंडीने पित्त उठतं, त्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊच नये.

'सूज हेच औषध, उतरवू नका'

इथे दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. दाह आणि सूज. दुखापतीनंतर साफसफाई करणाऱ्या पेशी तिथे जमा होतात, तो दाह, आणि तो हवाच. सूज म्हणजे साचलेलं पाणी. ते साचून राहण्यात कोणाचंच भलं नाही.

१९८४ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग आहे. धडधाकट माणसांच्या गुडघ्यात सुईने सलाइन भरलं. २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे फार तर दोन मोठे चमचे. तेवढ्याने मांडीचा आतल्या बाजूचा स्नायू मंदावला. ५० ते ६० मिलिलिटरला बाकीचेही मंदावले. दुखापत नाही, जखम नाही, नुसतं पाणी. गुडघा सुजलेले पेशंट 'पायात जोरच येत नाही, गुडघा दगा देतो' म्हणतात ते उगाच नाही. अशा गुडघ्यावर बर्फ ठेवला की तो स्नायू काही काळापुरता पुन्हा साद देऊ लागतो, आणि तेवढ्या वेळात मी व्यायाम उरकून घेते.

मात्र सूज उतरवण्याचं मुख्य काम बर्फाचं नाही, हेही कबूल करते. ते क्रेप बँडेजचं, पाय उशीवर ठेवण्याचं आणि पोटरीच्या हालचालीचं.

'जितका गरम, जितका जास्त वेळ, तितकं चांगलं'

बाकीचे दावे वेळ वाया घालवतात, हा माणसाला भाजतो. म्हणून इथे जरा थांबते.

माझ्याकडे खांद्यासाठी येणाऱ्या एक काकू एकदा लंगडत आल्या. पाय गार पडतात म्हणून रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपल्या होत्या. सकाळी मोजा ओला लागला, तेव्हा कळलं. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि दुखत काहीच नव्हतं. मधुमेह जुना. मी त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा तपासणीचा धागा टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. 'लावलात का?' त्यांनी विचारलं. दोन-तीन जागी हाच प्रश्न. तो फोड भरायला अडीच महिने गेले.

यात पिशवी उकळत्या पाण्याची असावीच लागते असं नाही. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी ताप आणि वेळ यांचा हिशेब मांडला. कातडी ४४ अंशांवर राहिली तर भाजायला साधारण सहा तास लागतात, आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ही वेळ जवळपास निम्मी होत जाते. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. 'रात्रभर' या शब्दातला धोका इथे आहे. 'सोसवतंय' एवढी खूण पुरेशी नाही, कारण ज्याच्या नसा मधुमेहाने मंदावल्यात त्याला सगळंच सोसवतं. म्हणून शेक देण्याआधी आम्ही दोन परीक्षानळ्या घेतो, एकीत कोमट पाणी, दुसरीत गार, आणि डोळे मिटलेल्या पेशंटला विचारतो, गरम की गार? ज्याला सांगता येत नाही त्याला शेक नाही. मग तो कितीही रागावो.

न भाजणारा शेकसुद्धा महिनोन् महिने एकाच जागी घेतला तर कातडीवर तपकिरी जाळी उमटते. कंबरदुखीवाल्यांच्या पाठीवर ती दिसली की घरी काय चालतं ते न विचारता समजतं.

बरं, जास्त वेळ घेऊन फायदा तरी होतो का? आमचा हॉट पॅक ७० ते ७५ अंशांच्या पाण्यातून निघतो, पण टॉवेलच्या सहा ते आठ पदरांत गुंडाळल्याशिवाय अंगावर ठेवत नाहीत. पंधरा मिनिटांत स्नायू सेंटिमीटरभर आत तीन-चार अंशांनी तापतो, तीन सेंटिमीटर आत जेमतेम एक अंशाने. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. शरीर स्वतःलाच थंड करत असतं, त्यामुळे वीस मिनिटांनंतर हाती फारसं लागत नाही. खुब्याच्या सांध्यापर्यंत तर पिशवीचा ताप जातच नाही. खोलवर ऊब द्यायला डायथर्मीची मशीन असते, पण तिची लहर वेगळी आणि पथ्यंही वेगळी: पेसमेकर असेल तर नाही, त्या भागात धातूची पट्टी-स्क्रू असतील तर नाही.

ताजी दुखापत, म्हणजे पहिले दोन दिवस, शेकू नये. आत रक्त साकळत असताना वाहिन्या आणखी उघडायच्या कशाला?

शेकाच्या बाजूनेही सांगायला हवं. कंबर नुकतीच धरली असेल, तर अंगाला गुंडाळायच्या उबदार पट्ट्यांनी थोडा काळ थोडं बरं वाटतं, असा निष्कर्ष उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००६ सालच्या आढाव्यात आहे. बर्फाबद्दल कंबरेसाठी त्यांना पुरेसा पुरावा मिळाला नाही. कंबरेला मीही शेकच देते. बोटांचे सांधे आखडलेल्यांना ५२ ते ५४ अंशांच्या मेणात हात बुडवायला लावते, आणि ते मेण सोलून काढताना मोठी माणसंही लहान मुलांसारखी रमतात.

'विषारी द्रव्यं घामावाटे निघतात'

घाम म्हणजे पाणी आणि मीठ, बाकी किरकोळ. साफसफाईचं खातं यकृत आणि मूत्रपिंडांकडे आहे. पुढे.

'लाल दिवा हाडापर्यंत जातो, कूर्चा उगवते, नोबेल मिळालंय'

नोबेल मिळालं हे खरं. १९०३ साली, डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना. पण ते कातडीच्या क्षयासाठी, आणि त्यांचा प्रकाश होता कार्बन आर्क दिव्याचा, निळ्या-जांभळ्या आणि अतिनील बाजूचा. लाल दिव्याचा त्याच्याशी काय संबंध? लाल प्रकाशाची गोष्ट सुरू होते १९६७ साली बुडापेस्टमध्ये. एन्द्रे मेस्टर या डॉक्टरांना लेझरने कर्करोग होतो का ते पाहायचं होतं. पाठीचे केस काढलेल्या उंदरांवर त्यांनी लाल लेझर टाकला. कर्करोग झाला नाही, उलट केस लवकर उगवले. तिथून हे शास्त्र निघालं. त्याला नोबेल नाही.

हाडापर्यंतचं म्हणाल तर अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोटं दाबून पाहा. बोटं लालभडक उजळतात. लाल प्रकाश मांसातून जातो, हे खरंच. आता त्या उजेडात बोटातलं हाड शोधा. दिसत नाही. प्रकाश आत गेल्या गेल्या विखुरतो, धुक्यात हेडलाइट विखुरतो तसा. हे झालं बोटाचं. गुडघ्याची कूर्चा त्याहून खूप आत. लाल प्रकाश बहुतांशी काही मिलिमीटरांतच संपतो, त्याच्या शेजारचा न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड आणखी थोडा पुढे जातो, आणि उबदार पट्ट्यांमधला दूरचा इन्फ्रारेड कातडीच्या वरच्या पापुद्र्यातच शोषला जाऊन नुसती ऊब होतो. मेसेज या तिघांना एकच समजतो.

कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, झिजल्यावर ती भरून येत नाही, आणि कुठल्याही दिव्याने माणसाच्या गुडघ्यात ती पुन्हा उगवल्याचं सिद्ध झालेलं नाही. दुखणं कमी होतं का, हा निराळा प्रश्न, आणि त्यावर जाणकारांतच मतभेद आहेत. २०१९ सालच्या एका आढाव्यात गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातात योग्य मात्रेच्या लेझरने वेदना घटल्याचं दिसलं, तर उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये पुरावा अपुरा म्हणून अशा संधिवातासाठी लेझर देऊ नका असं सांगितलं. मानदुखीवर २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आढावा लेझरला अनुकूल होता. आणि एका ठिकाणी या प्रकाशाचं स्थान भक्कम आहे: कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटतं, ते टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच त्याची शिफारस आहे. तिथे बरं करायचंय ते नेमकं पृष्ठभागावरच असतं.

'दुष्परिणाम शून्य' हे तर कोणत्याच उपचाराबद्दल म्हणू नये. लेझरची मात्रा जूलमध्ये मोजतात, आणि प्रमाणाबाहेर दिली की परिणाम वाढायच्या ऐवजी घटतो. घरच्या पॅनेलपासून कोण किती अंतरावर बसतं, कोणाला ठाऊक? इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, म्हणून चष्मा लागतो. कर्करोगाच्या गाठीवर तो टाकत नाहीत. काही औषधांनी कातडी प्रकाशाला हळवी होते, तेही विचारावं लागतं.

हा मेसेज मला पहिल्यांदा दाखवणारे काका जखडलेल्या खांद्यासाठी येत. त्यांना लाल दिवाच हवा होता. मी हॉट पॅक दिला, मग भिंतीशी उभं करून बोटं वर वर चढवायला लावली आणि जिथवर पोचली तिथे पेन्सिलने रेघ मारली. रेघ शेकाआधीच्या खुणेपेक्षा दोन बोटं वर. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा हात पुन्हा जुन्या खुणेवर. 'घरी शेकलं का?' 'दोनदा.' 'बोटं चढवली?' गप्प. मग रोज शेक संपला की लगेच भिंत, घरीसुद्धा, असं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात शेकायच्या आधीच हात वरच्या रेघेला टेकला. काकांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'लाल दिवा असता तर लवकर झालं असतं, नाही?'