सरोद, बाउरान आणि मामांची पेटी

पुण्याहून मामांचा फोन आला तो चिडूनच. मी त्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. मॅथ्यू नून सरोदवर आयरिश जिग, म्हणजे नाचाची धून, वाजवतायत आणि शेजारी टॉमी हेज बाउरान घेऊन बसलेत. बाउरान म्हणजे इथलं, आयर्लंडमधलं, डफासारखं चर्मवाद्य. या जोडीने आपलं नाव 'अंतरा' ठेवलंय. "ही कसली खिचडी? सरोदचा अपमान आहे हा," मामा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर पेटी शिकवली, त्यांचा शब्द मी हलका धरत नाही. त्याच रात्री घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं, आयरिश संगीत मुळात आपल्याकडूनच गेलंय, मग खिचडी कसली?

इथल्या लिमरिक शहरात राहून मला सात वर्षं झाली. मला दोघांचंही पटत नाही.

दादाच्या बोलण्याला इथेही थोडा आधार सापडतो. शॉन ओ रिआदा या संगीतकाराने 1962 सालच्या रेडिओ-मालिकेत आयरिश संगीत युरोपीय नाहीच, असं ठासून सांगितलं होतं. 'शॅन-नोस' हे इथलं पारंपरिक गाणं ऐकलं की मलाही घरचं काहीतरी आठवतं. साथीशिवाय एकटा आवाज, शब्दाशब्दाला वळसे घेत जाणारा. पण तेवढ्यावरून त्या गाण्यावर मालकी सांगायची मला लाज वाटते.

मामांच्या रागाचं उत्तर मात्र वाजवण्यातच शोधावं लागतं. जिग सहा मात्रांची, तीन-तीनची, म्हणजे दादऱ्यात सहज बसेल असं वाटतं. ठेका बसतोही, पण गाडी पुढे अडते. आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, तीच धून पुन्हा दोन-तीन फेऱ्या, आणि न थांबता दुसरी धून सुरू. आलाप नाही, विस्तार नाही. कसब असतं ते प्रत्येक फेरीत एखादा स्वर किंचित वेगळा वळवण्यात. सरोदवर 'दा' म्हणजे खाली आघात, 'रा' म्हणजे वर; 'दा-रा-दा, दा-रा-दा' असा प्रत्येक तिनाचा आरंभ 'दा'ने करायचा तर दोन 'दा' लागोपाठ येतात. जलद लयीत ते सफाईने काढायला हात किती घासावा लागत असेल! शिवाय पबमधल्या सेशनला सगळे वर्तुळात, एकमेकांकडे तोंड करून बसतात. सगळे मिळून एकच धून वाजवतात. एकच मुख्य कलाकार आणि बाकी त्याचे साथीदार, असं नसतं. बैठकीच्या वळणात तयार झालेल्या वादकाला आधी हे बसणं शिकावं लागतं. नून कोलकात्याला जाऊन सरोद शिकले आणि इथल्या धुनाही त्यांनी तितक्याच निष्ठेने उचलल्या. याला मी खिचडी म्हणणार नाही.

मामांचा राग ज्या कार्यक्रमांवर आहे ते मीही पाहिलेत. दोन दिवसांची तालीम, मग आळीपाळीने आपापलं वाजवायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून कल्लोळ. तिथे मी मामांच्या बाजूने आहे. पण मामा, तुमची पेटीही युरोपातूनच आली ना? 1940 पासून 1971 पर्यंत ती आकाशवाणीवर बंद होती. त्या बंदीचा विषय निघाला की तुमचा आवाज आजही कापतो. तेव्हा पेटीला जे ऐकावं लागलं, तेच आज तुम्ही या सरोदला सुनावताय.

2025च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. 1 ऑगस्टला आपल्या दूतावासाने सावध राहण्याची सूचना काढली. त्या दिवसांत संध्याकाळी घराबाहेर पडले की मी सारखी मागे वळून बघायचे. अशा वेळी याच देशात राहणाऱ्या माणसाने सरोद मांडीवर घेऊन तारा जुळवाव्यात, शेजारच्याने बाउरानवर हात ठेवून शांतपणे थांबावं, हे पाहून मला किती धीर आला ते फोनवर मामांना सांगता आलं नाही.

पुण्या-मुंबईच्या आयोजकांना माझं एकच मागणं आहे. इथल्या क्लेअर परगण्यातला फिडलवादक, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, एका संध्याकाळपुरता आणू नका. महिनाभर बोलवा, आपल्या एखाद्या सारंगियाच्या घरी राहू द्या, आणि मगच तिकिटं विका. पहिल्या रांगेत मामांना बसवा. मी सुट्टी काढून येईन आणि त्यांच्या शेजारी बसेन.